खंडेनवमीचा लॅपटॉप

माझा लॅपटॉप बिघडला तेव्हा तो पाटावर बसलेला होता. एका बाजूला विळा, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप आणि पुढ्यात निरांजन. खंडेनवमी होती. सासूबाईंनी पहाटेच उठून घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. खुरपी, कुऱ्हाड, पान्हे, शिवणयंत्राची कात्री आणि त्यांच्या ओळीत माझा लॅपटॉप, तोही उघडून ठेवलेला. देवापुढं वस्तूचं तोंड झाकलेलं असू नये, असं त्यांचं म्हणणं. मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत त्यांनी झेंडूचं फूल तांब्यात बुडवून सगळ्यांवर सारखंच पाणी शिंपडलं होतं. विळ्यावर जेवढं, तेवढंच कीबोर्डवर. सुरू करायचं बटण कोपऱ्यात असतं, त्याच्यावर बरोब्बर हळदीकुंकवाचं बोट.

"आई, हे काय केलं तुम्ही?"

"पूजा केली. तुह्या कामाची वस्तू नाई का ते?"

यावर माणसानं काय बोलावं? या घरात आजवर त्या लॅपटॉपला 'तिचं ते काहीतरी' असंच म्हटलं जायचं. कामाची वस्तू असं पहिल्यांदा कोणी म्हणालं, तेही तिच्यावर पाणी टाकून. मी तो पाटावरून उचलला, पदरानं पुसला, बटण दाबलं. छोटा दिवा लागला, आतला पंखा घरघरला आणि सगळं गप्प झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

त्या दिवशी चार वाजता माझा क्लास होता. खरा नव्हे, परीक्षेचा. लग्नाआधी मी मलकापूरला शाळेत गणित शिकवायचे. जानेफळला आले आणि ते सुटलं. मग मुलं, शेत, पाहुणेरावळे, सगळं रीतसर झालं. आता पुण्याची एक कंपनी घरबसल्या मुलांना शिकवायला बाया शोधत होती. मी अर्ज केला, दोन चाळण्यांतून निघाले, आणि ही शेवटची होती. चार वाजता लिंक उघडायची आणि त्यांच्या माणसांसमोर अपूर्णांक शिकवून दाखवायचे. आठवडाभर मी भाकरी थापताना मनातल्या मनात तिचे भाग पाडत होते. घरात प्रत्येकाला सांगून झालं होतं, नवमीला चार वाजता मला कोणी हाक मारू नका.

नवऱ्याला उठवलं. त्यांनी बटण दाबून पाहिलं, जणू माझ्या बोटात जोर नव्हता. मग मेहकरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, पान्हे-पेचकस सगळे पूजेत ठेवले. आज उचलता येत नाई. परवा आणा." बरोबरच होतं त्याचं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं, मलाही कळत होतं. पण माझी परीक्षा पुण्यात होती आणि पुण्याच्या कंपनीला नवमी नव्हती.

मग शेजारचे आले. त्यांचा मोटारी भरायचा, म्हणजे जळालेलं वायंडिंग नव्यानं गुंडाळायचा धंदा. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांनी हातात घेतली की ती चालू होणारच, असं गावात म्हणतात. तेही मोकळ्या हातानं आले, कारण त्यांचाही पेचकस पाटावर. त्यांनी लॅपटॉप कानाला लावला, हलवला, वास घेतला.

"वैनी, कॅपॅसिटर गेला. मोटार घरघर करते अन् उठत नाई, म्हंजे कॅपॅसिटरच."

"ही मोटार नाहीये हो भाऊ."

"पंखा हाये ना आत? मंग मोटारच झाली."

तेवढ्यात नवऱ्याला नंदई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आठवले. नंदई पुण्याला एका मोठ्या ऑफिसात हिशेब बघतात. ऑफिसात त्यांचा संगणक बिघडला की ते एका पोराला बोलावतात आणि पोरगा येईपर्यंत चहा घेतात, एवढाच त्यांचा आणि दुरुस्तीचा संबंध. पण पुणे म्हणजे पुणे, आणि जावई म्हणजे जावई. फोन स्पीकरवर ठेवला गेला.

"आधी रिस्टार्ट करून बघा," नंदई म्हणाले.

"दाजी, तो स्टार्टच होऊन नाई राह्यला," नवरा म्हणाला.

"तेच म्हणतोय. रिस्टार्ट करा."

मग त्यांनी बॅटरी काढायला सांगितली. या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघत नाही, असं मी म्हटलं. निघते, ते म्हणाले. उलटा करा, दोन खिट्ट्या असतात. खिट्ट्या नाहीत, मी म्हटलं. नीट बघा, असणारच. मी नीट बघितलं. शेजाऱ्यांनी नीट बघितलं. नवऱ्यानं चष्मा लावून नीट बघितलं आणि मला म्हणाले, "दाजी म्हणून राह्यले तं असतीन कुठं तरी." माझ्या डोळ्यांसमोर नसलेल्या खिट्ट्या शोधण्यात दुपारचं जेवण निवून गेलं.

जावयाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही आणि त्यांचा फोन आपण ठेवायचा नसतो. त्यामुळं नवऱ्याचा फोन नंदईंनी अडवला तो अडवलाच. मग दुरुस्तीचा व्हिडिओ बघायला माझा फोन घेतला गेला. व्हिडिओतला माणूस हिंदीत बोलत होता. लॅपटॉप सुरू करायच्या आधी त्यानं चॅनलची घंटी दाबायला सांगितली. यांनी दाबली! बाहेर माझी इतक्या वर्षांनंतरची एक संधी दारात उभी, आणि आत माझा नवरा परक्या माणसाची घंटी दाबून राहिला होता. मला हसावं की भांडं फेकून मारावं, कळेना.

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होत्या. मधूनच काहीतरी म्हणायच्या, पण स्पीकरवरचे नंदई, व्हिडिओतला माणूस आणि मोटारवाले शेजारी यांच्यात त्यांचं कोण ऐकतं? मी तर त्यांच्याकडं बघतच नव्हते. मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. एवढं पाणी लागतं का देवाला?

तीन वाजले तेव्हा मी ठरवलं. लॅपटॉप मेला तर मरू दे, फोनवरून क्लास घ्यायचा. कोठीच्या पत्र्याच्या दारावर खडूनं चांगलं उमटतं. नवऱ्याला म्हटलं, "अहो, साडेतीनला माझा फोन मला द्या."

"हाव, देतो ना."

तेवढ्यात नंदईंना नवीन सुचलं. हेअर ड्रायरची गरम हवा द्या. घरात ड्रायर कुठला? बसस्टँडजवळच्या पार्लरवालीकडं आहे, आणि तो आणायला बाईमाणसानंच जावं, हेही सर्वांनी मिळून ठरवलं. मी निघाले. वाटलं, गेले आणि आले.

पार्लरवालीचा ड्रायर अर्थातच पूजेत होता. कंगवे, कात्र्या, वॅक्सचा डबा आणि मधोमध ड्रायर, नळीत झेंडूचं फूल. "ताई, पूजेतला कसा देऊ?" ती म्हणाली. मी हात जोडले, माझी परीक्षा सांगितली. बिचारी विरघळली, पण तिनं सासूला फोन लावला, सासूनं मोठ्या जावेला विचारलं, आणि शेवटी निकाल लागला की दिवा आपसूक शांत झाला की न्यायला हरकत नाही. फुंकर मारायची नाही. मी तिथं स्टुलावर बसून त्या ज्योतीकडं बघत राहिले. एवढंसं तेल, पण संपता संपेना. एकदा वाटलं तसंच परत जावं, पण रिकाम्या हातानं गेले तर पुन्हा मलाच पाठवतील. वेळ बघायला की विचारायला माझा फोन नव्हताच, तो घरी घंट्या दाबत होता, आणि पार्लरवालीच्या फोनवरून लावला तरी नवऱ्याचा नंदईंनी अडवलेला.

ड्रायर घेऊन मी जवळजवळ पळत आले. दारातूनच जल्लोष ऐकू आला. लॅपटॉप सुरू होता. लख्ख उजेड, पडद्यावर माझ्या मुलांचा फोटो. शेजारी म्हणत होते मी ठोकला म्हणून, नंदई म्हणत होते मी सांगितलं म्हणून, नवरा व्हिडिओचे गुण गात होता. मला वाटतं, तो नुसता वाळला असावा. कशानं चालू झाला ते अजून कोणाला ठाऊक नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात साडेचार होऊन गेले होते.

मी माझा फोन घेतला. पुण्याच्या नंबरावरून दोनदा फोन येऊन गेला होता.

"हे काय?"

"ते का? कोनाचा तरी फोन सारखा येऊन राह्यला होता," नवरा म्हणाला. "व्हिडिओ बंद पडत होता, म्हून काटला."

"मग दाजींचा काटून व्हिडिओ तुमच्या फोनवर बघायचा ना."

"दाजींचा कसा काटू?" ते खरोखर बुचकळ्यात पडले होते.

मी तिथल्या तिथं परत फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. मॅडम, आमच्याकडं वेळेला महत्त्व आहे, पुन्हा जागा निघाल्या तर कळवू. मी बरं म्हणून ठेवला. ते ऐकूनही शेजारी म्हणाले, "वैनी, आता तं सुरू झाला ना, मंग तोंड काऊन पाडलं?" आणि नवरा म्हणाला, "चाल, चहा ठेव सगळ्याईले."

माझं डोकं सटकलं. "चहा ठेवते," मी म्हटलं, "पण आधी सांगा, माझा क्लास किती वाजता होता?"

नवऱ्यानं शेजाऱ्यांकडं बघितलं. शेजाऱ्यांनी लॅपटॉपकडं. स्पीकरवरून नंदई म्हणाले की आवाज तुटतोय.

"चारचा होता," उंबऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. "म्या तुले तीनदा सांगतलं, तिचा फोन तिले नेऊन दे. तिचं काम हाये म्हटलं. तू त्या जवाईबापूच्या नादात आयकलं नाई."

दिवसभर मी चिडले होते ती एकट्या सासूबाईंवर, आणि माझी वेळ लक्षात ठेवली होती ती त्यांनीच. आता तो रागही उरला नाही. मी ड्रायर तसाच हातात धरून उभी राहिले, आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.