गाव खोटा कसा असेल?

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. बोर्लीच्या बाजारात एक म्हातारा शहाळी विकायचा. त्याच्या अंगभर कोडाचे पांढरे डाग होते. कोड शिवल्यानं होतं असं सगळेच मानायचे, म्हणून शहाळं सोलून तो केळीच्या पानावर ठेवायचा. कुणाच्या हातात द्यायचा नाही.

एकदा मी हात पुढे केला. म्हटलं, "आजोबा, द्या हातात. कोड लागत नाही, डॉक्टरच सांगतात."

"मलाबी सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. "पण आख्खा गाव खोटा कसा असंल?"

तेवढ्यात त्याची लेक सासरहून तान्हं बाळ दाखवायला आली. तिनं बाळ त्याच्यापुढे धरलं.

"घे ना, बाबा. काय न्हाय होत."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. डोळे बाळावरच होते. लेक खूप वेळ तशीच उभी राहिली.