गाडीच्या रेडिओचे चार आकडे

आमच्या गाडीला वीस वर्षं झाली. तिच्यात कंपनीनंच बसवून दिलेला रेडिओ आहे आणि त्यातच कॅसेट घालायची खाच. या वीस वर्षांतली जवळजवळ सगळी वर्षं मी त्या रेडिओला हात लावलेला नाही. लावू दिला नाही, असं म्हणायला पाहिजे.

गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं रेडिओचं माहितीपुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचून काढलं. ते सरकारी नोकरीत होते, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्यांना सवय. संध्याकाळी मला आणि मुलीला मागच्या सीटवर बसवून त्यांनी सगळं दाखवलं. डावीकडचं गोल बटण दाबलं की चालू, फिरवलं की आवाज कमीजास्त. खालची सहा बटणं स्टेशनांची. हवं ते स्टेशन लागलं की त्यातलं एक दाबून धरायचं, टुक असा आवाज आला की स्टेशन त्या बटणात बसलं. कॅसेट घालताना फितीची उघडी बाजू उजवीकडे. बाजू बदलायची तर दोन्ही बाण एकदम दाबायचे. एकच दाबला तर फीत पळत सुटते. इतकं नीट समजावून झाल्यावर ते म्हणाले, "आता कुणी हात लावायचा नाही. बिघडलं तर हितं सोलापुरात नीट करणारा मिळायचा नाही."

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ते तिला सांगताहेत असं मला वाटलं.

तसं नव्हतं हे आठवड्याभरात कळलं. बाजारातून येताना आवाज फार मोठा होता म्हणून मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरून हात माझ्या मांडीवर आणून ठेवला. जोरात नाही, रागानंही नाही. नैवेद्याच्या ताटाकडे हात नेणाऱ्या पोराचा हात बाजूला करावा तसा. "मी करतो की," म्हणाले. आणि आवाज तेवढाच ठेवला.

मी त्या वेळी कुंभारीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. रोज सकाळी वडापच्या, खच्चून प्रवासी भरणाऱ्या जीपमध्ये तिघींच्या सीटवर चौथी बाई होऊन बसायची, कारण गाडी त्यांच्या ऑफिसला जायची. शाळेचा टीव्ही मी लावायची, कॉम्प्युटर आला तेव्हा तो सगळ्यांत आधी मी शिकले. निवडणुकीच्या ड्यूटीवर मतदानयंत्राची जोडणी करून सही दिलेली आहे मी. आणि घरच्या गाडीत मला आवाज कमी करता येत नव्हता.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. माझं माहेर दुधनीचं. आमच्या घरी कन्नड बोलतात. मराठी मी शाळेत शिकले आणि पुढं तिच्यावरच नोकरी केली. दुधनीला जाताना अक्कलकोट सोडलं की आपलं मराठी स्टेशन हळूहळू विरायला लागतं. आधी खरखर येते, मग तिच्या खालून दुसरा आवाज वर येतो, कलबुर्गीकडचं कन्नड स्टेशन. माझी आई चुलीपुढं ज्या तऱ्हेनं बोलायची, त्याच तऱ्हेनं बोलणाऱ्या बाया त्यात असत. लोणच्याबद्दल, बाळंतिणीबद्दल, ज्वारीच्या कडब्याबद्दल. तो आवाज नीट ऐकू यायला लागला की नेमके त्याच वेळी आमचे हे रेडिओ बंद करायचे.

"असू द्या की," मी पहिल्यांदा म्हणाले होते.

"काय खरखर ऐकत बसायची," ते म्हणाले.

"खरखर नाही ती. कन्नड आहे."

"तेच की."

त्या 'तेच की'चा राग मला तेव्हा आला आणि तो गेलेला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. पुढं कितीतरी वेळा दुधनीला गेलो आणि प्रत्येक वेळी तसंच झालं. मी दर वेळी बाहेर बघत बसले, याचाही मला आज राग येतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मी निवृत्त झालेली होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, अठरा-अठरा वर्षांच्या पोरींबरोबर मैदानात आठचा आकडा काढला आणि पहिल्याच परीक्षेत लायसन मिळवलं. आता मी उजवीकडे बसते आणि ते डावीकडे. मला वाटलं होतं, आता बदलेल. पण डावीकडून तर रेडिओ त्यांना जास्तच जवळ पडतो. पहिल्यांदा मी गाडी घेऊन दुधनीला निघाले तेव्हा अक्कलकोटच्या पुढं त्यांनी हात लांब केला, बटण चाचपून शोधलं आणि बंद केलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"लावा परत," मी म्हणाले.

"समोर बघ. ट्रक येतोय."

ट्रक खरंच येत होता, म्हणून मी समोर बघितलं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर गाडी जागची हलली नाही. बॅटरी उतरली ती उतरलीच. मेकॅनिक घरी येऊन नवीन बॅटरी बसवून गेला. मी चावी फिरवली, गाडी सुरू झाली, पण रेडिओच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत 'कोड' अशी अक्षरं लुकलुकायला लागली. कुठलंही बटण दाबलं तरी तेच. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, बॅटरी काढली की या जुन्या रेडिओला कुलूप लागतं, चोरीला जाऊ नये म्हणून. चार आकड्यांचा नंबर असतो. "साहेबांना माहीत असेल, मॅडम."

मी घरात येऊन विचारलं, "रेडिओचा कोड काय आहे?"

"कशाला?"

"बॅटरी बदलली म्हणून तो मागतोय."

"मला माहीत आहे. बघू नंतर."

ते 'नंतर' चार महिने चाललं. सांगा म्हटलं की कधी "आत्ता कुठं, जेवतोय", कधी "तुला नाही जमणार, दाबायची पद्धत असते". एकदा तर म्हणाले, "नंबर असा सगळ्यांना सांगायचा नसतो." घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न करून पुण्याला. सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं तर उठून अंगणात गेले.

मी मधल्या काळात गाडीच्या सामानाच्या दोन दुकानांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हा काढून टाका, मोबाइलसारखा मोठा पडदा बसवून देतो. दुसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्या फिटरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "कोड नै तो कुछ नै, मॅडम. साब को पूछो." म्हणजे इथंही साहेबच.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मात्र मी ठरवूनच त्यांना गाडीत नेऊन बसवलं. गाडी फाटकाच्या आत, चावी फिरवलेली. म्हणाले, मी टाकतो. पद्धत त्यांना नक्की आठवत होती: पहिला आकडा एक नंबरच्या बटणानं, जेवढा आकडा तेवढ्या वेळा दाबायचं, दुसरा दोन नंबरच्या बटणानं, असं. पण पडद्यावर काय आलं ते त्यांना दिसत नव्हतं. ते बोटांनी चाचपत, मनात मोजत दाबत होते.

"काय आलं?"

"परत कोड म्हणतोय."

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मी म्हणाले, "तुम्ही आकडे सांगा, मी दाबते. मला दिसतंय."

"थांब."

तिसऱ्यांदा दाबलं आणि 'वेट' अशी अक्षरं आली. तासभर आता काहीच होणार नव्हतं. हे मेकॅनिकनं सांगितलेलं होतं, तीन चुकले की तो बंद पडून राहतो.

मी मोठ्यानं बोलले नाही. "तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाही," मी म्हणाले, "मला दिसतंय, आणि तरी चार आकडे माझ्या तोंडावर सांगवत नाहीत तुम्हाला. वीस वर्षं. मी या रेडिओचं काय वाकडं केलं असतं? माझ्या आईची भाषा लागली की तुम्ही तो बंद केला. एकदा नाही, दर वेळी. मी काही चोर आहे का या गाडीत?"

ते समोर काचेकडे बघत होते. काचेतून त्यांना धूसर फाटकाशिवाय काही दिसत नसणार. तसेच बघत म्हणाले, "न्हाय आठवत."

ते मोडनिंबचे. फारच अडचण झाली की त्यांच्या तोंडी घरची बोली येते.

"काय नाही आठवत?"

"नंबर. पुस्तकात लिहिला होता. घर रंगवलं तेव्हा पुस्तक रद्दीत गेलं."

घर रंगवून सहा वर्षं झाली होती. म्हणजे चार महिने जो नंबर मला सांगायचा नव्हता, तो त्यांच्याकडे नव्हताच. मला वाटलं होतं, खरं कळलं की राग कमी होईल. उलट तो इतका वाढला की मी गाडीतून उतरले आणि त्यांना हात न देता घरात गेले. ते एकटे भिंत धरत धरत आले. विसरणं मी समजू शकते. वर्गातल्या पोरांची नावं मीही विसरले आहे. पण विसरलो म्हणण्यापेक्षा 'तुला नाही जमणार' म्हणणं त्यांना सोपं गेलं, ते मला समजून घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या म्हाताऱ्या फिटरकडे गेले. रेडिओ बाहेर काढला की त्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरच्या नंबरावरून कोड काढता येतो, हे मला मुलीनं फोनवर शोधून सांगितलं होतं. फिटर तयार झाला, पण आधी गाडीचे कागद मागितले. त्यात त्याची चूक नाही, चोरीचे रेडिओ घेऊन लोक येत असणार. कागदावर नाव नवऱ्याचं.

"साब को एक फोन लगाओ, मॅडम. हां बोले तो खोलता."

गाडी मी चालवत आणली, कागद माझ्या पर्समध्ये, माझ्या आधार कार्डावर नवऱ्याचं नाव, आणि तरी मला भर दुकानात उभं राहून फोन लावावा लागला. फिटरनं माझा मोबाइल कानाला लावला. पलीकडून आमच्या ह्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "हां हां, करून द्या त्यांना." परवानगी दिली. आदल्या दिवशी भिंत धरत घरात आलेल्या माणसानं.

फिटरनं दोन्ही बाजूंच्या भोकांत वाकवलेल्या तारा घातल्या, खटका बसला आणि रेडिओ खणासारखा पुढं आला. चिठ्ठीवरचा नंबर त्यानं ओळखीच्या माणसाला कळवला. अर्ध्या तासात चार आकडे आले. तो दाबायला वाकला तेव्हा मी म्हणाले, "मी दाबते."

चार, सात, एक, तीन. पहिल्याच फटक्यात रेडिओ बोलायला लागला. सगळी जुनी स्टेशनं पुसली गेली होती. मी दुकानासमोर गाडीत बसूनच एकेक शोधलं, बटण दाबून धरलं, टुक आवाज ऐकला. फिटर दारात उभा राहून बघत होता. मला मुळीच आनंद झाला नाही. इतकं सोपं काम होतं ते.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "निघाला का?"

"निघाला," मी म्हणाले. "चार, एक, सात, तीन."

मी मुद्दाम चुकीचा सांगितला. का, ते मला त्या क्षणी नीट माहीत नव्हतं.

"व्हय, तोच," ते लगेच म्हणाले. "मला माहीत होता. एका आकड्यात गोंधळ होत होता."

"तो नाही," मी म्हणाले. "चार, सात, एक, तीन आहे."

  दोन दिवस आम्ही जेवायला वाढण्यापुरतं बोललो. मुलीचा फोन आला तेव्हा तिनं दोघांच्या आवाजावरूनच ओळखलं आणि विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं, ते शेजारी बसलेले असताना. ती म्हणाली, "आई, आता सोड." मी म्हणाले, "तू सोड म्हणू नकोस. तुला सात वर्षांची असताना जे सांगितलं ते मला चाळिसाव्या वर्षी सांगितलं होतं."

तिसऱ्या दिवशी डोळ्याच्या तपासणीला जायचं होतं. ते येऊन डावीकडे बसले, पट्टा लावला. मी गाडी बाहेर काढली आणि रेडिओ लावला. एक स्टेशन आवडलं नाही म्हणून दुसरं लावलं, आवाज वाढवला, मग थोडा कमी केला. त्यांनी दवाखाना येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एकदाही उचलले नाहीत.

सिग्नलला थांबले तेव्हा मी त्या हातांकडे बघितलं. जमत होतं त्यांना. पहिल्या दिवसापासून जमलं असतं. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कुठं मी गिअर टाकला.