मशीनवरची काळी मखमल

बाबांचा फोन आला तेव्हा मी नळदुर्गच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते. "कमल गेली... झोपेतच," एवढंच म्हणाले. हातात अजून गठ्ठा होता. 'विधवांचा अपमान थांबवा' हा मथळा माझाच. गावी, वाशीला पोचेपर्यंत तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. त्या मथळ्याची लाज वाटायला अजून पंधरा दिवस लागणार होते.

कमलआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वाशीच्या बाजारात एका खोलीत त्यांनी जन्मभर ब्लाऊज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश शिवले. काही वर्षांपूर्वी शेजारची ऋतुजा पुण्याला शिकायला गेली आणि सुट्टीत मोबाईलवर एक फोटो घेऊन आली. काळा पायघोळ झगा, काळीच लिपस्टिक. "आत्या, याला गॉथ म्हणतात. पुण्यातले टेलर हसतात हो. तुम्ही शिवाल?" आत्या हसल्या नाहीत. चष्मा चढवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "बाहीला अस्तर हाय का गं?"

मग ऋतुजाच्या मैत्रिणींची मापं यायला लागली. मला हे सगळं पोरकट वाटायचं. एकदा म्हटलं, "सगळं काळंच की हो, त्यात वेगळं काय?" आत्या खवळल्या. "डोळं हायत का बटनं? काळं समदं सारखं असतंय व्हय?" आणि टेबलावर कापड पसरून मलाच गॉथच्या तऱ्हा शिकवायला बसल्या. फाटकी जाळी, साखळ्या, केस उभे केलेले, ती जुनी पहिली तऱ्हा. त्यांच्या भाषेत 'जाळीवाली'. लेस, मखमल, सैल बाह्या ती रोमँटिक. चमकतं प्लास्टिक आणि डोळ्यांत खुपणारे हिरवे-गुलाबी पट्टे ती सायबर. तिला त्या 'बत्तीवाली' म्हणायच्या. "ही घालून अंधारात गेली तर कुत्री बी भुकायची न्हाईत, पळतील!" आणि गळ्यापर्यंत बंद, पुढं बटणांची रांग, कंबरेत आवळलेली ती व्हिक्टोरियन. 'गळाबंद'. तिच्यावर त्यांचा हात जरा जास्तच वेळ फिरायचा... मी पाहिलं होतं. पण मी कुठं काही विचारते? मी फक्त सांगते.

आपल्याकडं एरवी काळ्याला नाकं मुरडतात, पण संक्रांतीला सवाष्णी काळ्या साड्या नेसून हळदीकुंकवाला निघतात. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे त्या दिवसाचे ब्लाऊज आत्यांच्या मशीनवर शिवले जायचे. आत्यांना बोलावणं एकदाही नाही! यावर मी चौकाचौकात घसा फोडला. पण 'आत्या, तुम्हाला काळं आवडतं का?' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधी गेले तर मशीनवर काळ्या मखमलीचा गळाबंद झगा होता.

"हा कुणाचा?"

"हाय एकीचा," म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

मी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं, तोंडाला खाज होतीच. सुरू झाले. म्हटलं, आत्या, हा तिकडच्या विधवांचा पोशाख आहे. नवरा मेला की इंग्लंडातल्या बायकांना वर्षानुवर्षं असं गळ्यापर्यंत काळ्यात कोंडायचे. या पोरी त्याची मजा करतात आणि तुम्ही, तुम्ही ते शिवता? तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पत्रक छापलं, 'शोकाची हौस', आणि पहिली प्रत आत्यांच्याच हातात दिली. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या.

"व्हय का... म्हंजी तिकडं बी तेच."

मला वाटलं, पटलं.

पुढच्या खेपेला मशीनवर नवी खोळ होती, काळ्या मखमलीची, कडेला लेस. "झकास झाली की हो," मी म्हटलं. "असू दे," आत्या म्हणाल्या. "मशीनला तरी शोभतंय."

पंधराव्या दिवशी ऋतुजा पुण्याहून भेटायला आली. खोळीवरून हात फिरवत उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हा झगा होता, आत्यांनी स्वतःला शिवलेला. संक्रांतीला घालून माझ्यासोबत बाजारातनं चालत जाणार होत्या. आमचं ठरलं होतं. तुझं पत्रक वाचलं आणि उसवला."

मी मापांची वही काढली. ऋतुजाच्या पानामागं त्यांच्या अक्षरात एकच ओळ: 'मी. गळाबंद.' खाली मापं.

मी आयुष्यभर त्यांच्या हक्कासाठी भांडले म्हणते. एक काळा झगा घालायचा हक्क त्या कुणालाही न विचारता घेऊन मोकळ्या होणार होत्या, आणि तो मीच काढून घेतला. गल्लीनं नाही.

खोली आता रिकामी करायची आहे. काल खोळ उचलून उलटी केली. मधोमध काजांची रांग आहे, एकेक काज हातानं विणलेलं. कापड सगळं उसवून, फिरवून, नव्यानं जोडलंय. कॉलर मात्र त्यांनी कापली नाही. आत दुमडून टाचून ठेवली होती. मी टाके काढले आणि गळ्याला लावून बघितली.

मला होत नाही. दोन बोटं कमी पडते.