पैसे घ्या हो, पैसे!

आमच्या पेणच्या विमा ऑफिसात माझ्या टेबलावर एक यादी असते. साहेब तिला ‘अनक्लेम्ड’ म्हणतात. पॉलिसीची मुदत संपली, पण पैसे न्यायला कोणी आलंच नाही, अशा लोकांची ती यादी. त्यांना शोधायचं आणि त्यांचे पैसे त्यांना द्यायचे, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं! पैसे मागायला गेलं की लोक पळतात, हे ठाऊक होतं. द्यायला गेलं की त्याहून जोरात पळतात, हे या टेबलावर बसल्यावर कळलं. आता किस्से इतके साठलेत, की एखाद्या दिवशी जेवताना काही सांगितलं नाही तर नवरा विचारतो, “आज सुट्टी होती का?”

*

गडबच्या एका मावशींना फोन केला. “मावशी, विमा ऑफिसातून बोलतेय. तुमचे पैसे आमच्याकडे पडून आहेत.”

“ओटीपी नाय देनार!” फोन बंद.

पुन्हा लावला. “मावशी, ओटीपी नकोच आहे मला.”

“मग आधार पन नाय देनार!”

शेवटी आमच्या ऑफिसातल्या मोकलच्या मोटरसायकलवर बसून मीच गेले. मावशींनी ओटीवर बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले. मोकल खूश! मला हळूच म्हणतो, “बघा मॅडम, समोर गेलं की माणूस विश्वास ठेवतो.”

पोहे संपेपर्यंत पोलीस पाटील दारात हजर! मावशींनी सुनेला मागच्या दाराने त्यांच्याकडे पिटाळलं होतं, आणि पोहे होते ते आम्हाला अडकवून ठेवायला!

पाटलांनी आमची ओळखपत्रं उलटसुलट करून पाहिली, मोकलच्या गाडीची किल्ली खिशात घातली आणि दरडावलं, “यादी दाखवा.” मी गडबचं पान पुढे केलं. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. चेहराच बदलला.

“अगो मावशे,” ते आत ओरडले, “यांना अजून पोहे आन. माझं पन नाव हाय यात!”

*

मिठागरावर काम करणारे एक काका आले. मी म्हटलं, “पॉलिसीचा मूळ कागद आणलात?”

काकांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत माती आणि वळवळणारी वाळवी!

“अहो काका, हे काय?”

“कागद यांनी खाल्ला. म्हनून यांनाच घेऊन आलो. आता तुमीच काय ते काढून घ्या!”

साहेबांनी त्या दिवशी जेवणाची सुट्टी अर्धा तास आधीच जाहीर केली.

*

रोह्याच्या एका आजींची स्वतःच्या नावाची पॉलिसी होती. फॉर्म भरताना मी विचारलं, “आजी, पतीचं नाव?”

आजी लाजल्या! पंचाहत्तरीच्या पुढचं वय. म्हणाल्या, “असं कसं गो घ्यायचं नाव? चारचौघांत?”

“फॉर्मवर लागतं, आजी.”

आजींनी पदर सावरला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या,
“पेणच्या हापिसात पंखा फिरतो गरगर,
दत्तूरावांचं नाव घेते, पैसे सोडा भरभर!”

सगळ्या काउंटरवरून टाळ्या! मोकल पुढे आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “आजी, हा फॉर्म तीन प्रतींत लागतो.”

चक्क खोटं बोलला मेला! आजींनी आणखी दोन उखाणे घेतले.

*

निडीच्या बाजूच्या एका गावातले एक गृहस्थ काही केल्या सापडत नव्हते. तीन पत्रं पाठवली. तिन्ही परत! प्रत्येकावर सुंदर अक्षरात शेरा: ‘या पत्त्यावर राहत नाहीत.’ शेवटी आम्हीच गेलो. दिलेल्या पत्त्यावर कुलूप. शेजारणीने पुढच्या आळीतलं नवं घर दाखवलं. दारात टपालाची पिशवी अडकवलेली सायकल उभी! आमचे गृहस्थ म्हणजे गावचे पोस्टमनच निघाले.

“अहो काका, पत्रं तुमच्याच नावाची होती ना?”

“व्हय की.”

“आणि परत कोणी पाठवली?”

“मीच. त्या पत्त्यावर मी राहतोय कुठं? नियम म्हंजे नियम!”

*

आणि हे मधुकरराव. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारे, निवृत्तीला आलेले, राहणार रोहा. बायको मंगलताईंना घेऊन आले. ताईंनी नवी साडी नेसलेली. सही इतक्या वर्षांत बदललेली, जुन्या सहीशी जुळेना. मी म्हटलं, “हरकत नाही. पॉलिसी काढताना नॉमिनी कोणाला केलं होतं, ते सांगा. जुळलं तर काम पुढे नेता येईल.”

“हिलाच की! मंगल.”

मी जुना फॉर्म उघडला. तिथे लिहिलं होतं, सुनंदा. आणि पुढे नातं: होणारी पत्नी! मी पटकन त्यावर अंगठा ठेवला, पण ताईंनी नाव वाचलं होतं.

“सुनंदा,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

मधुकररावांना घाम फुटला. “एजंटनं... एजंटनं घातलं असंल! त्याची कोन असंल सुनंदा!”

“अक्षर तुमचं हाय.”

मोकल पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही. मधुकररावांनी गळ्याला हात लावला. “देवाशप्पथ सांगतो, या नावाची बाय मी जन्मात बघितली नाय! पैसे नको मला. मॅडम, तो फॉर्म फाडून टाका!”

मंगलताईंनी माझा अंगठा हळूच बाजूला केला. ‘होणारी पत्नी’ वाचलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

“माझं माहेरचं नाव हाय ते,” त्या म्हणाल्या. “लग्नात तुमीच तांदळात मंगल लिहिलंत.”

मधुकररावांनी रुमालाने कपाळ पुसलं.

“तरीच,” ते म्हणाले, “ओळखीचं वाटत होतं!”