बोटं हुंगणारे पन्नालालजी

रिसोडचे चष्मेवाले पन्नालालजी माझी बोटं हुंगायचे. मी हात साबणाने धुऊन आले की ते एकेक बोट नाकाशी धरायचे आणि मान हलवायचे, "मिरची हाय. पुन्हा धू." आमच्याकडे दुपारी ठेचा-भाकर ठरलेली आणि ठेचा काही चमच्याने खाल्ला जात नाही. पहिल्या दिवशी मी त्यांचं न ऐकता तशाच बोटावर लेन्स घेऊन ती डोळ्याला लावली. अशी आग झाली की स्टुलावरून उठून थेट रस्त्यावर गेले. डोळा धुऊन परत आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले पन्नालालजी गुडघ्यांवर बसून माझी पडलेली लेन्स फरशीवर चाचपत होते. चिडले नव्हते. नुसते दमलेले दिसत होते, पण तसे ते एरवीही दिसत.

माझा उजवा डोळा धड, डाव्याचा नंबर अकरा. चष्मा लावला की एका डोळ्याला वस्तू लहान दिसे, दुसऱ्याला मोठी, आणि डोकं गरगरे. चष्मा काढला की अंतराचा अंदाज चुके. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये एका म्हाताऱ्याची शीर मला तीनदा सापडली नाही, तेव्हा सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोळ्याचं काहीतरी कर, नाहीतर सुई हातात धरू नकोस. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याला लेन्सच पाहिजे. केनवडजवळच्या आरोग्य उपकेंद्रात रुजू व्हायला मला आठ दिवस होते. आमच्या घरातली पगारावर जाणारी मी पहिलीच, आणि बाबांनी आमच्या गावच्या, रिठदच्या बुद्धविहारात एकूण एक माणसाला ते सांगून ठेवलं होतं.

पन्नालालजींचा नियम कडक होता. त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने तीनदा लेन्स घालायची, तीनदा काढायची, मगच डबी दुकानाबाहेर जाणार. ते लेन्स माझ्या बोटावर ठेवून दाखवायचे: कडा वाटीसारख्या उभ्या असल्या तर सुलटी, बशीसारख्या पसरल्या तर उलटी. बोट कोरडं पाहिजे, नाहीतर ती बोटालाच चिकटून बसते. एका हाताने वरची पापणी धरायची, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढायची. सगळं कळत होतं. बोट जवळ आलं की डोळा मिटत होता, एवढंच.

"डोया बुजरा असते, बेटा," ते म्हणायचे. "बुजऱ्या बैलाजवळ दावं घेऊन धावत जात नसतात." दहाव्या-बाराव्या वेळेला मी रडकुंडीला आले की त्यांचं दुसरं वाक्य यायचं, "दुसऱ्याच्या दंडात सुई टोचाले भेत नाई, अन् सोताच्या डोयाले भेतं?" मग पुन्हा आरसा पुसून माझ्यापुढे ठेवायचे.

मी रोज चारच्या सुमारास पोहोचायची. पाच दिवस गेले. डोळा लाल, पापण्या सुजलेल्या, मान दुखून यायची. आरशातलं स्वतःचं तोंड पाहायचा मला वीट आला होता. संध्याकाळी त्यांची सून ताट झाकून दाराशी यायची, थोडा वेळ उभी राहायची आणि ताट तसंच घेऊन मागच्या घरात जायची. म्हातारा हट्टी दिसतो, असं मला वाटायचं. सहाव्या दिवशी मी हात धुवायला मागे गेले, तेव्हा तिने हळूच सांगितलं, "बाबूजी सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत नाईत, ताई. चार दिवस झाले, तुमी जाता अन् ते तसेच झोपतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातव्या दिवशी जाताच मी ठोकून दिलं की काल घरी आरशासमोर बसून सगळा सराव केला, आता हात बसला, डबी द्या. लेन्स तर त्यांच्याच कपाटात होती. घरी मी सराव कशाचा केला असता? घाईत माझ्या हे ध्यानातही आलं नाही.

पन्नालालजींनी मला स्टुलावर बसायची खूण केली. आवाज चढला नाही.

"खोटं बोलून मले जेवू घालतं का?" ते म्हणाले. "मी एक दिवस उपाशी राह्यलो त सकाळी खाईन. तुह्या हातानं लेकराची शीर चुकली त त्याच्या मायले काय सांगशीन?"

मी बोटं पुढे केली. त्यांनी हुंगली, मान हलवली, मी पुन्हा धुतली. कितव्या वेळेला ते आठवत नाही, पण बोट गेलं आणि डोळा मिटला नाही. थंडगार काहीतरी बसलं. मी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी नीट दिसलं ते पन्नालालजींचं तोंड: सुकलेले ओठ, आत गेलेली गालफडं. बाहेर दिवे लागले होते. सून ताट घेऊन केव्हाच परतली होती.

"काढ आता," ते म्हणाले. "अजून दोनदा."

डबी हातात देताना त्यांनी मला आभार मानू दिले नाहीत. बस चुकेल म्हणून हाकललंच. इतकं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही, आणि मी त्यांना साधा नमस्कारही धड केला नाही, हे मला अजून खुपतं.

नोकरीला पाच वर्षं झाली. काही सकाळी अजूनही लेन्स तीन-तीनदा पडते, आणि पाण्याची घागर, डबा, रजिस्टर, सगळं तसंच टाकून परत झोपावंसं वाटतं. गेल्या वर्षी लसीकरणाच्या दिवशी सुनेचा फोन आला, बाबूजी पहाटे गेले. मी फोन ठेवला, हात धुतले आणि पुढच्या बाईला बाळाची मांडी घट्ट धरायला सांगितली. रडले नाही. पाण्याने लेन्स सरकते, आणि रांगेत अजून अकरा लेकरं होती.