जावईबापूंनी आता उठावं

कंबर दुखते म्हणून मी सगळा उन्हाळा आणि वर सगळा पावसाळा गादीवरून उठलो नाही. दुखण्यावर उपाय विश्रांती, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. दसऱ्यापर्यंत कंबर होती तशीच दुखत राहिली. पाय मात्र उभं राहायचं विसरले.

तेवढ्यात राज्यांची मोडतोड झाली. मध्यभारत संपलं, राजधानी भोपाळला ठरली आणि शहरातल्या लष्कर नावाच्या पेठेतली आमची कचेरी कपाटांसकट उठली. रजेवरच्यांना हुकूम आला: थंडी सरायच्या आत भोपाळला रुजू व्हा, नाहीतर नोकरी विसरा. घरात बायको, दोन मुलं, आणि कमावता माणूस आडवा.

डॉक्टर म्हणाले, "हाडं शाबूत आहेत. दुखेल, पण बिघडणार नाही. हळूहळू हालचाल वाढवा." त्यातलं 'हळूहळू' मी सोयीनं गाळलं. एका सकाळी जरा बरं वाटलं, तर निघालो तो सराफ्यातून थेट महाराज बाड्याच्या चौकापर्यंत. परतताना बसवेना, म्हणून टांग्यात आडवा झालो, पाय बाहेर लोंबत. सराफ्यातल्या दोघा ओळखीच्या पेढीवाल्यांनी टोप्या काढून हात जोडले. टांगेवाला ओरडला, "अरे सेठ, ज़िंदा हैं! बस लेटे हैं!"

ही वार्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला राहणाऱ्या सासऱ्यांच्या कानी गेली. त्यांनी जन्मभर संस्थानी फौजेत रंगरुटांना कवायत शिकवली होती. फौज विलीन झाल्यापासून हुकूम द्यायला त्यांना कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी ते दारात हजर. पण अडचण अशी, की आमच्यात जावयाला अरे-तुरे करत नाहीत, मग हुकूम कुठला देणार? त्यांनी तोड काढली.

"जावईबापूंनी पाठीवर निजावं. जावईबापूंनी गुडघा पोटाशी घ्यावा. जावईबापूंनी श्वास रोखू नये, मरायला अजून वेळ आहे."

मग हात न टेकता खुर्चीवरून उठणं. मग गल्लीच्या टोकाच्या कचोरीवाल्यापर्यंत चालणं, आणि कचोरी न खाता परतणं. बायको स्वयंपाकघरातून सूर लावायची, "बाबा, जरा ज़ोर से बोला ना, ह्यांना ऐकू नाही गेलं!"

सासऱ्यांचा नियम एकच. दुखलं तरी ठरलेलं करायचं, आणि बरं वाटलं तरी ठरलेल्याच्या वर जायचं नाही. पहिलं मला जमेना, दुसरं तर त्याहून जमेना.

"आज फार दुखतंय," मी एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणालो.

"फार म्हणजे? कालच्यापेक्षा जास्त?"

"नाही... कालच्याइतकंच."

"मग जावईबापूंनी कालच्याइतकंच करावं."

एकदा कंबर खरोखरच धरली. त्या दिवशी त्यांनी व्यायाम निम्म्यावर आणला, पण सुट्टी दिली नाही. मीही मग हट्टाला पेटलो. नोकरी जाऊ द्यायची नव्हती. दुखणं गेलं नाही. मीच दर सकाळी त्याची परवानगी मागणं सोडलं. उठलो की दुखणंही हजर, मीही हजर, आणि दोघं मिळून कचोरीवाल्यापर्यंत जायचो. पुढं त्याच्याही पुढं जाऊ लागलो.

थंडी सरता सरता आम्ही भोपाळच्या गाडीत बसलो. सामान लावायला सासरे सोबत. गाडी जिथं जरा जास्त थांबे तिथं ते मला दंडाला धरून उतरवत आणि फलाटावर फिरवून आणत. डब्यातल्या एका बाईनं बायकोला हळूच विचारलं, "इन्होंने किया क्या है?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर ताठ उभा राहून रुजू झालो. दिवसभर खुर्चीत काम केलं, मधूनमधून उठून कपाटांभोवती फेऱ्या मारल्या. नोकरी राहिली. कंबर ठणकत होती, पण मी संध्याकाळी घरी आलो तो लढाई जिंकल्यासारखा. ओसरीवर भांड्यांची लोखंडी पेटी अजून तशीच पडलेली. बायको हमालाची वाट बघत होती.

"हमाल कशाला? हो बाजूला," म्हणालो, आणि दोन्ही कड्या धरून हिसका दिला.

पाठीमागून कवायतीच्या मैदानावरचा आवाज आला. शेजारची दारं उघडली.

"ठेव खाली, गाढवा! कंबर शिकली, तू कधी शिकणार?"