आरोपींचाही होकार

दादा गेल्यावर मला वाचता येईनासं झालं. पुस्तक उघडायचं, त्याच पानावर पुन्हा पुन्हा यायचं आणि मिटून ठेवायचं. निवृत्तीनंतर चंद्रपूरचं बिऱ्हाड मोडून मी गावी परतले, ती सकाळचा चहा दादाबरोबर आणि बाकीचा दिवस पुस्तकांबरोबर एवढ्याच भरवशावर. आरमोरीहून आत, जंगलाला लागून आमचं गाव. दादा इथल्या वन समितीचा बरीच वर्षं अध्यक्ष होता. होळीच्या आधी छातीच्या दुखण्यानं गेला. उन्हाळ्यात गावानं नवी समिती निवडली. धानाचे रोवणे आटोपले आणि नव्या समितीनं विषय काढला: जुन्या समितीविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायची.

तक्रार कशाची, हे गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. आमच्या जंगलातला एक तुकडा बांबू वाढावा म्हणून गावानं बंद ठेवला होता. इतर ठिकाणीही रांजीतले, म्हणजे बांबूच्या बेटातले, जुने बांबू तेवढे काढायचे आणि कोवळे राखायचे हा नियम. बंद तुकड्यात तर कोयता न्यायलाच मनाई. गेल्या हिवाळ्यात एका ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी तो तुकडा बुडापासून साफ केला. जुन्या समितीनं गावाला न विचारता होकार दिला होता. ठेकेदाराच्या मोटारसायकलवर मागे बसून दादा तिकडे गेला तेव्हा मी आमच्या दारातच उभी होते. या पावसाळ्यात कोवळ्या कोंबांच्या भाजीसाठी गेलेल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. सुपं विणणारी घरं आता बांबूसाठी डोंगरापलीकडे जातात.

"दादा, बंद रांजीत काऊन नेलं त्याले?" असं मी त्याला विचारलं होतं.

"तुले नाई समजन," म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला. मग दुखणं आलं. खोकणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार?

नवी अध्यक्ष तिशीतली बाई आहे. सासर इथलं, माहेर भामरागडकडचं. बोलते कमी, पण बोलली की थांबत नाही. सभेच्या आधी ती आमच्या घरी आली. वहिनी आत भाजी निवडत होती; तिला ऐकू जाईल अशा बेतानं अध्यक्षबाई म्हणाली, "बाई, दादाचं नाव नाई टाकत आमी. गेलेल्या माणसाचं नाव ठाण्यात कायले न्यायचं? बाकीच्यायचं टाकू."

मी तिचे आभार मानले. वहिनीनं चहा दिला. ती गेल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. बाकीचे म्हणजे मुख्यतः आमचे शेजारी, जुन्या समितीचे उपाध्यक्ष, ज्यांना आम्ही काका म्हणतो. दादा म्हणेल त्याला मान डोलावणं हेच त्यांचं राजकारण. आता जे झालं ते सगळं त्यांनीच केलं, असं कागदावर येणार होतं.

मी शाळेत इतिहास शिकवला. नवं राज्य जुन्या राज्यकर्त्यांचं काय करतं, हा त्यात सारखा येणारा प्रश्न. काहींनी जुन्यांना तुरुंगात घातलं, काहींनी झालं गेलं विसरून पुढे जाऊ म्हटलं. मी मुलांना दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून द्यायचे. सूड आणि न्याय यांतला फरक पाच गुणांसाठी विचारायचे. त्या सगळ्या उत्तरांमध्ये सख्खा भाऊ कधी आला नव्हता.

चौकातल्या चहाच्या टपरीवर मात्र मुद्द्यांना तोटा नव्हता.

"तिकडं मुंबईत पाह्य ना. खुर्चीवर बसेपर्यंत म्हनतेत, सगळ्यायले आत टाकतो. बसले का तेच मानसं यायच्या पक्षात."

"अन् जे आत टाकतेत ते कोन? जे पक्षात आले नाईत ते!"

"आपली अध्यक्षीन काय करते मंग? काकाले पक्षात घेते का आत टाकते?"

"काकाले घेऊन करन काय? बैलबंडीत बसले तं झोपतेत."

सगळे हसले. काका तिथंच बाकावर बसले होते. तेही हसले आणि चहा अर्धा टाकून उठले.

त्या संध्याकाळी मी नव्या अध्यक्षबाईकडे गेले. ती अंगणात वाळत घातलेल्या चटया गोळा करत होती. मी म्हटलं, "आज तू यांना पोलिसांत देशील. पुढची समिती येईल, ती तुला देईल. मग खुर्ची सोडायला कोणीच तयार होणार नाही. हे असं देशोदेशी झालंय."

"धरतीन तं धरू दे ना," ती म्हणाली. "बाई, कोनी ठेकेदार माझ्या दारात येईन तेव्हा मले आठवलं पायजे का उद्या मले धरतीन. नाई तं मी बी गाडीवर बसून जाईन."

मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली. तिनं चटई माझ्यासाठी अंथरली, पण मी बसले नाही.

आमच्या गावाची एक रीत आहे. ग्रामसभेत मतदान होत नाही. हात वर करून मोजायचे नाहीत. सगळ्यांचा होकार येईपर्यंत विषय तसाच राहतो. एकजण जरी नको म्हणाला तरी पुढच्या सभेत पुन्हा बसायचं. दादाला या रीतीचा फार अभिमान. पाहुण्यांना तो ती समजावून सांगायचा, आणि त्याच दादानं बांबूच्या वेळी कोणालाच विचारलं नव्हतं.

सभा समाजमंदिरात भरली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. अध्यक्षबाईनं विषय मांडला. एकेक जण होकार देत गेला. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की ओळीत काकाही बसले आहेत. ज्यांच्यावर तक्रार, तेही ग्रामसभेचेच सदस्य. त्यांचा होकार नसेल तर त्यांच्यावरची तक्रार जाणारच नाही. कोणी याचा विचारच केला नव्हता.

कोणीतरी खुसखुसलं. "घ्या! आता चोराले इचारा, तुले धरू का म्हनून!"

"चोर कोनाले म्हनून राह्यला रे?" काका उठून उभे राहिले. आजवर सभेत त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. "माझं ऐका. मी गावजेवन घालतो. अगोदर कोनी कोनाचं कोंबडं नेलं तं जेवन घालून मिटवतच होतो ना आपन? सोबत जेवलो का विषय बंद."

"काका, कोंबडं एका घरचं होतं," अध्यक्षबाई म्हणाली. "हे जंगल समद्यायचं आहे. पोराबाळायचं बी. त्यायच्या वतीनं कोन जेवनार?"

काका म्हणाले, "बरं. माझा हो आहे. पन मी एकटा नव्हतो. अध्यक्षाचं नाव टाकान तं माझा हो. नाई तं नाई."

पुरुषांनी खाली पाहिलं. बायकांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पदर ओठांवर धरला होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्याचा अर्थ मला स्पष्ट कळत होता. नाही म्हण. एक नकार पुरे आहे.

खरंच पुरे होता. मी नाही म्हटलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता, दुःखातल्या बाईला कोण बोलतं? विषय पुढच्या सभेत गेला असता, मग त्याच्या पुढच्या. काका सुटले असते, दादा सुटला असता, ठेकेदार तर कधीच सुटला होता. आणि बायका दरवर्षी पावसाळ्यात कोंबाला गेल्या की त्या तुकड्याजवळ आपापसांत दादाचं नाव घेत राहिल्या असत्या, आणि त्यांना उत्तर देणारं कोणी नसतं.

मी म्हटलं, "टाका त्याचं नाव. तो अध्यक्ष होता. त्याचं वर लिहा, काकांचं खाली."

वहिनी उठून निघून गेली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते, पाणी ठेवते, पण बोलत नाही. मी समजावायला गेले की ती सुपात तांदूळ घेऊन पाखडायला बसते. तिची चूक आहे असं मला वाटत नाही. माझी आहे का, हेही ठरत नाही.

ठाण्यातून निरोप आला तेव्हा हवालदारानं फोनवरच सांगितलं की मयतावर खटला चालत नाही, पण जबाबात नाव येईल. मी पाहिलेलं सांगायला तयार होते. काकांनाही बोलावलं होतं. आरमोरीला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि गुडघ्यांवर दोन्ही हात पसरून ठेवले होते. ठाण्याची पायरी ते जन्मात पहिल्यांदा चढणार होते.

"बाई, तुमी काय सांगान?"

"दादा त्याच्या गाडीवर बसून गेला, ते. मी पाहिलं तेवढं."

"अन् काऊन गेलता, असं इचारलं तं?"

"माहीत नाही म्हणेन. मला खरंच माहीत नाही, काका."

बस एका वळणावर थांबली. दोन बायका चढल्या आणि बस पुन्हा सुरू झाली. काका खिडकीबाहेर पाहत होते.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "त्यानं मले सांगतलं होतं. सांगू का तुमाले?"

इतके महिने मी याच एका उत्तरासाठी पानं उलटत बसले होते. इथं, या सीटवर, मला ते एकटीला मिळत होतं. ते चांगलं असेल तर मी ते जपून ठेवलं असतं, आणि वाईट असेल तर पुरून टाकलं असतं.

"मला नका सांगू, काका," मी म्हटलं. "तिथं सांगा. मी तिथंच ऐकेन."

त्यांनी मान डोलावली.